तयार इंजिन

मेकॅनिक यादगिरीने लोखंडी पट्टी इंजिनाच्या हेडवर आडवी ठेवली आणि पलीकडून मोबाइलचा उजेड पाडला. पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ आरपार दिसली.

"दिखा, सार? हेड टेढा हो गया," तो म्हणाला.

नरहरराव वाकून बघत होते. वीज खात्यातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी यंत्रासमोर उभे राहिले की त्यांचे हात आपोआप पाठीमागे बांधले जात. कुठल्याशा सबस्टेशनच्या तपासणीला आल्यासारखे ते उभे होते. शांताबाई जरा मागे, पत्र्याच्या सावलीत, यादगिरीने पुसून दिलेल्या स्टुलावर बसल्या होत्या. हैदराबादेत रामकोटच्या त्या गल्लीत गॅरेजच्या दारातच त्यांची पांढरी गाडी उभी होती. बॉनेट उघडं, आत नुसता काळा खड्डा. दात पडलेल्या तोंडाकडे बघवत नाही, तसं त्यांना तिकडे बघवत नव्हतं.

"पाइप फटा, वो तो किसी का भी फटता," यादगिरी म्हणाला. "पानी निकल गया. पर गरमी का काटा लाल में गया तो गाडी बाजू लगाना ना, सार. ये तो वैसीच बहुत चली. पिस्टन पूरा जाम है."

"काटा बराबर था," नरहरराव म्हणाले.

यादगिरीने हातातली पट्टी चिंधीने पुसली. तो या घरची गाडी फार वर्षांपासून बघत होता; उलट बोलायची त्याची रीत नव्हती. त्याने नुसतं शांताबाईंकडे पाहिलं.

"अम्मा, आप बाजू में थे ना?"

शांताबाईंनी मांडीवरच्या पर्सची चेन उघडली आणि परत लावली.

"मेरी आँख लगी थी," त्या म्हणाल्या.

त्यांचा डोळा लागलेला नव्हता.

बिदरहून पुतणीची वास्तुशांत आटोपून दोघं परत येत होती. झहीराबाद मागे पडलं, दुपारची वेळ होती, आणि गाडीत पाक करपल्यासारखा गोडसर वास यायला लागला. "अहो, कसला हो वास?" त्यांनी विचारलं. थोड्या वेळाने एसीतून गरम वारा यायला लागला. तेव्हाही त्यांनी विचारलं. नरहरराव ताठ बसून चालवत होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि त्यांची नजर रस्त्यावरून खाली काट्यांवर आणि काट्यांवरून परत रस्त्यावर अशी जात होती. ते बघताहेत म्हणजे त्यांना कळतंय, असं धरून शांताबाई गप्प राहिल्या. एवढ्या वर्षांच्या संसारात यंत्रातलं त्यांना कळतं आणि आपल्याला कळत नाही, अशीच वाटणी झालेली होती.

मग बॉनेटच्या कडांतून पांढरी वाफ उठली. खालून कुणी घण मारावा तसा आवाज झाला आणि गाडी भर रस्त्यात, मधल्या पट्ट्यात, जागीच थांबली. मागून येणारी लॉरी भोंगा वाजवत अशी काही घासून गेली की शांताबाईंच्या बाजूचा आरसा मिटला. त्यांनी किंचाळून नवऱ्याकडे पाहिलं. नरहरराव समोर बघत होते. हात स्टिअरिंगवर तसेच. चेहऱ्यावर भीती नव्हती, राग नव्हता. पाहुण्याच्या घरी बसलेला माणूस कुणीतरी येऊन पुढचं सांगेल म्हणून थांबतो ना, तसा तो चेहरा होता. शेवटी ढाब्यावरचे दोघे-तिघे धावत आले आणि त्यांनी गाडी ढकलून कडेला घेतली.

तो चेहरा शांताबाईंनी कुणालाही सांगितला नव्हता.

"रिपेर में पैसा डालना नक्को, सार," यादगिरी सांगत होता. "बोर गया, क्रँक गया. रेडी इंजिन लेओ. फुल. मैं बिठाके देतूं."

"घेऊ की," नरहरराव लगेच म्हणाले.

---

मुलाचा पुण्याहून फोन आला तेव्हा नरहररावांनी तो स्पीकरवर टाकला. मकरंदचं म्हणणं सरळ होतं.

"बाबा, विकून टाका ना ती. बरकतपुऱ्यात तुम्हाला गाडी लागते कशाला? फोन केला की कॅब दारात येते."

"इंजिन गेलंय. गाडी नाही गेली."

"पण एवढ्या जुन्या गाडीत नवीन इंजिन—"

"तू परेशान होऊ नकोस. मी बघतो."

"आई, तू सांग ना त्यांना."

शांताबाई पोळ्या लाटत होत्या. हीच वेळ होती. एकच वाक्य बोलायचं होतं: अरे, त्यांना चालवू द्यायला नको. मकरंदने का म्हणून विचारलं असतं, मग बिदरचा रस्ता सांगावा लागला असता, मग तो चेहरा. आणि चेहऱ्यावर थांबता आलं नसतं. बेगम बाजारातून एकाच आठवड्यात तीनदा आणलेली चिंच सांगावी लागली असती, जी त्यांनी गुपचूप वरच्या मजल्यावर वाटून टाकली होती. नवरा शेजारी बसून ऐकत असताना हे सगळं त्याच्याच मुलाला सांगायचं.

"तुमचं तुम्ही बघा बाई," त्या म्हणाल्या आणि पोळी तव्यावर टाकली.

संध्याकाळी सुनेचा वेगळा फोन आला. प्रिया गाड्यांच्या विम्याच्या कंपनीत कामाला होती. तिला यातलं कळत होतं. बाबा ऐकणार नसतील तर निदान फसू तरी नयेत, असं तिचं म्हणणं. "आई, तुम्ही बरोबर जाच," ती म्हणाली. "इंजिनाचा नंबर घासलेला नाही ना, ते बघा. बिलावर तोच नंबर लिहून मागा, कारण आरटीओत तो बदलून घ्यावा लागतो. कुठल्या गाडीचं आहे ते विचारा. कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, समोर तपासायला सांगा. वॉरंटी कशाची आहे, कशाची नाही, तेही विचारा. आणि यातल्या एकाही गोष्टीला टाळाटाळ केली, तर सरळ उठून या. घेऊ नका."

"घेऊ नका" हे शब्द शांताबाईंनी धरून ठेवले. रात्री देवापुढे निरांजन लावतानाही त्यांच्या मनात तेच घोळत होतं. कुणाचा अपमान न करता, एक शब्दही न सांगता हे सगळं मोडायची वाट प्रियाने नकळत दाखवून दिली होती. दुकानदार खोटं बोलला की झालं. आणि जुनी इंजिनं विकणारा माणूस कुठेतरी खोटं बोलेलच.

---

इंजिनं विकणाऱ्या अझहरभाईंचं गोदाम मुशीराबादच्या आतल्या बाजूला होतं. लांबट, अंधारं, वर पत्रा. दोन्ही अंगांना लाकडी फळ्यांवर इंजिनं ओळीने ठेवलेली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, भोकांत बुचं बसवलेली. तेलाचा थंड वास होता. शांताबाईंना का कोण जाणे, उस्मानिया दवाखान्यातला तो मागचा लांब व्हरांडा आठवला, जिथे पांढऱ्या चादरीखाली स्ट्रेचर लावून ठेवलेले त्यांनी एकदा पाहिले होते. त्यांनी पदर नाकाशी घेतला.

अझहरभाई चष्मा लावलेला, पन्नाशीचा, हळू बोलणारा माणूस निघाला. त्याने दोघांना खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि एका इंजिनावरचं प्लास्टिक सोडवलं.

"ये आपकी गाडी का है, साब. फुल इंजिन. हेड, ब्लॉक, चेंबर, सब के साथ. खोल के पूरा नया सामान डाले, रिंग, बेअरिंग, गॅस्केट. लाओ, बिठाओ, चलाओ."

"सब के साथ म्हणजे?" शांताबाईंनी विचारलं, आणि मग हिंदीत, "सब मतलब क्या-क्या?"

नरहररावांनी वळून बायकोकडे पाहिलं.

अझहरभाई हसले नाहीत. "अच्छा पूछे, अम्मा. सेल्फ, डायनमो, एसी का कम्प्रेसर, ये बाहर का सामान आपका पुरानाच लगता. उसकू इंजिन में नहीं गिनते. कोई बोला सब नया देतूं, तो झूठ बोला."

पहिला प्रश्न वाया गेला. शांताबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"नंबर दिखाओ."

अझहरभाईंनी चिंधी रॉकेलमध्ये बुडवून ब्लॉकची एक बाजू पुसली. अंक स्वच्छ उमटलेले होते, कडा कोऱ्या. शांताबाईंनी त्यावरून नखसुद्धा फिरवून पाहिलं. कुठे घासल्याची खूण नाही. बिल? बिल मिळेल, हाच नंबर घालून. आरटीओत तेच दाखवायचं. पुरानं इंजिन? ते आणून द्यायचं, त्याचा हिशेब बिलात वेगळा. हा माणूस सरळ होता. सगळ्या हैदराबादेत त्यांना नेमका सरळ माणूस भेटला होता.

"ये किसकी गाडी का है?"

"एक्सिडेंट की थी, अम्मा. पीछे से ठोके. डिक्की पूरी अंदर, इंजिन कू कुछ नहीं हुआ."

"आणि गाडीतले लोक?"

प्रश्न मराठीतच निघून गेला, पण अझहरभाईंना कळला. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"वो नहीं मालूम, अम्मा," ते म्हणाले. "गाडी विमावालों से आती. लोगां का हम नहीं पूछते."

शांताबाईंना वाटलं, आता उठावं. कुणाचं काय झालं ते माहीत नसलेलं इंजिन आम्हाला नको, एवढं म्हणावं. हे कारण पुरेसं होतं. बाईमाणसाच्या तोंडी शोभलंही असतं. त्या उठल्यासुद्धा. पण नरहरराव इंजिनापाशी उकिडवे बसले होते, अगदी शांत, आणि म्हणाले, "तुझं अजून काही विचारायचं राहिलं असेल तर विचार."

त्यांच्या आवाजात चीड नव्हती. उलट एक प्रकारची अजिजी होती, जी शांताबाईंनी कधी ऐकली नव्हती. त्या परत बसल्या.

कम्प्रेशन तपासून झालं. इंजिन स्टँडवर चढवलं, सेल्फ मारला, आणि मीटरचा काटा प्रत्येक सिलिंडरला त्याच आकड्यापाशी येऊन थांबला. अझहरभाईंनी दर वेळी मीटर शांताबाईंच्या पुढे धरलं. नरहरराव इतका वेळ मीटरकडे बघतच नव्हते. ते बायकोकडे बघत होते.

"वारंटी छे महिने," अझहरभाई म्हणाले. "ब्लॉक और हेड की. मगर गरम करके चलाए तो नहीं मिलती. ये देखो." हेडच्या कडेला नाण्याएवढी एक धातूची टिकली चिकटवलेली होती. "इंजिन हद से ज्यादा गरम हुआ तो इसका बीच का पिघल जाता. बाद में कोई बोला काटा बराबर था, तो हम ये देखते."

शांताबाईंनी पटकन नवऱ्याकडे पाहिलं. अझहरभाईंना काहीच माहीत नव्हतं. ते सगळ्याच गिऱ्हाइकांना हे सांगत असणार. पण नरहररावांनी हात पुढे केला आणि त्या टिकलीवर बोट ठेवलं. बराच वेळ ठेवलं. तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसं.

"अच्छी चीज है," ते म्हणाले.

"गाडी कौन चलाते, साब? आप?" बिल करायला बसताना अझहरभाईंनी सहज विचारलं.

"दोनों," नरहरराव म्हणाले.

शांताबाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. त्यांच्याकडे लायसन्स होतं. नवऱ्याबरोबर जाऊन दर वेळी नवं करून आणलेलं, कपाटात ठेवलेलं. निजामाबादला बदली होती तेव्हा त्या चालवायच्या, मकरंदला शाळेत सोडायच्या. त्यालाही आता जमाना झाला. हैदराबादेत आल्यापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. म्हणजे हेही गेलं, त्यांनी मनाशी म्हटलं. मी चालवत नाही, हेही यांना आठवत नाही.

परतताना रिक्षात नरहररावांनी विचारलं, "झालं तुझं समाधान?"

"हो," त्या म्हणाल्या.

"मग झालं तर."

त्यांनी मान मागे टाकली, आणि चालत्या वाहनात कधी डोळा न मिटणारा तो माणूस चिक्कडपल्ली येईपर्यंत गाढ झोपला. शांताबाई त्यांच्या सैल पडलेल्या हाताकडे बघत राहिल्या. त्यांनी स्वतः निवडून, तपासून, खात्री करून एक न बंद पडणारं इंजिन नवऱ्याच्या हाती दिलं होतं.

---

इंजिन बसवायला यादगिरीला काही दिवस लागणार होते. त्या दिवसांत घरात कुणी गाडीचं नाव काढलं नाही, आणि शांताबाईंना दुसरं काही सुचत नव्हतं. रस्त्याने शाळेच्या मुलांची रांग गेली की त्या गॅलरीतून आत यायच्या. जेवताना समोरच्या माणसाचा हात ताटावरून पाण्याच्या भांड्याकडे जाताना बघत राहायच्या. हात नेमका जायचा. वर्तमानपत्र वाचून ते त्यांना बातम्या सांगायचे, त्याही बरोबर. कधी कधी पुरता दिवस इतका सुरळीत जायचा, की बिदरचा रस्ता आपल्यालाच भास झाला असेल, असं त्यांना वाटायचं.

मग एका सकाळी त्या दूध घेऊन परत येत होत्या, तर नरहरराव खाली फाटकाशी उभे. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला ऑफिसची जुनी बॅग. कोपऱ्याकडे बघत होते.

"कुठं निघालात?"

"जीप आली नाही अजून," ते जरा त्रासून म्हणाले.

शांताबाईंच्या हातातली पिशवी ओली होती. पाणी त्यांच्या पायावर ठिबकत होतं. वॉचमन झाडू मारत होता. समोरून कुणी स्कूटर सुरू करत होतं. नरहररावांनी बायकोकडे पाहिलं, मग बॅगकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकन् निघून गेलं.

"गंमत केली," ते म्हणाले.

"मला वाटलंच," शांताबाई म्हणाल्या आणि हसल्या. दोघं हसत वर आली. वर आल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटून मकरंदला फोन लावला. तो मीटिंगला निघाला होता. "बोल आई, पटकन."

गॅसवर दूध चढलं होतं. बाहेरच्या खोलीत नरहरराव बॅग परत खुंटीला अडकवत होते. तो आवाज त्यांना ओळखता येत होता.

"गोंगुऱ्याचं लोणचं घातलंय," त्या म्हणाल्या. "पाठवू का?"

---

गाडी तयार झाल्याचा निरोप आला तेव्हा दुपार उतरली होती. यादगिरीने गाडी धुऊन दारात लावली होती. त्याने बॉनेट उघडूनच इंजिन सुरू केलं. आवाज इतका मऊ होता की शांताबाईंना आधी ते सुरू झालंय हेच कळलं नाही.

"हजार किलोमीटर तक आराम से, सार. रेस नक्को करना. फिर आके तेल बदली करना."

"हजारापर्यंत हळू," नरहरराव म्हणाले. "मग तेल बदली."

"हौ सार."

"हजारापर्यंत हळू." त्यांनी पुन्हा म्हटलं आणि किल्ली घेतली.

शांताबाई डाव्या सीटवर बसल्या. पट्टा लावताना तो त्यांच्या हातून निसटला. रिक्षाने जाऊ या, आज अमावास्या आहे, माझं डोकं दुखतंय, अशी सगळी वाक्यं त्यांच्या तोंडाशी येऊन गेली. गाडी गल्लीतून निघाली. नरहरराव छान चालवत होते. फळांच्या गाड्याला सांभाळून वळवली, म्हाताऱ्या बाईला जाऊ दिलं, एका बसच्या मागे शहाण्यासारखे थांबले. शांताबाईंचा उजवा पाय खालच्या मॅटवर गच्च दाबलेला होता. कुठल्यातरी शाळेची सुटी झाली होती. निळ्या फ्रॉकमधल्या मुली हात धरून फुटपाथवरून चालल्या होत्या. एकीची बाटली रस्त्यावर घरंगळली. शांताबाईंनी डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी थांबलेली होती, मुलगी बाटली उचलून पळाली होती आणि नरहरराव गिअर टाकत होते.

काचीगुड्याच्या चौकात लाल दिवा लागला. ते थांबले. दिवा हिरवा झाला.

गाडी हलली नाही.

शांताबाईंनी आधी वाट पाहिली. बाजूच्या रिक्षा निघून गेल्या. मागून हॉर्न सुरू झाले, एक, मग अनेक. नरहरराव दिव्याकडे बघत होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि चेहरा तोच होता, बिदरच्या रस्त्यावरचा.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "हिरवा आहे. चला."

"हो," ते म्हणाले, आणि गाडी निघाली. चौक ओलांडून थोडं पुढे, एका जुन्या कंपाउंडच्या भिंतीशी त्यांनी ती कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. हे सगळं अगदी नीट, क्रमाने. मग हात मांडीवर ठेवले.

"त्या दिवशी काटा मला दिसत होता," ते म्हणाले.

शांताबाईंनी त्यांच्याकडे मान वळवली.

"लाल पट्टीच्या वर गेला होता. मी बघत होतो. सगळा वेळ बघतच होतो. पण काटा असा वर गेला की काय करायचं असतं, ते काही केल्या आठवेना." ते थांबले. "जन्मभर काटेच बघितले मी, शांता."

बाहेरून एक हातगाडीवाला मिरच्या ओरडत गेला. शांताबाईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. नाडी पळत होती. त्यांच्या लक्षात आलं की इतके दिवस हा माणूस त्यांच्याइतकाच घाबरलेला होता, एकाच घरात, एकाच ताटलीतला चिवडा खाताना.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. पण तुला कळलेलंच होतं की." त्यांनी पहिल्यांदा बायकोकडे पाहिलं. "त्या अझहरला तू एकेक गोष्ट विचारायला लागलीस ना, तेव्हाच मी ओळखलं. म्हटलं, हिला समजलंय सगळं. आता गाडी आपल्यालाच हातात घ्यायची आहे, म्हणून ही एवढं खोदून खोदून विचारून घेतेय. मला तोंडाने म्हणावं लागू नये म्हणून." ते हसत होते. "केवढा भार उतरला माझा. त्या दिवशी रिक्षात झोपच लागली बघ."

नंबरावरून नख फिरवणारा आपला हात शांताबाईंना दिसला. कुठेतरी खोट सापडावी म्हणून कसं जीव तोडून शोधलं होतं.

"हो," त्या म्हणाल्या. "त्यासाठीच विचारत होते."

नरहररावांनी मान हलवली. दार उघडून ते उतरले, गाडीच्या पुढून वळसा घालून त्यांच्या बाजूला आले आणि त्यांचं दार उघडून धरलं.

उजव्या सीटवर बसल्यावर शांताबाईंचे पाय पोहोचेनात. सीट पुढे घ्यायची दांडी त्यांना सापडेना. नरहररावांनी वाकून ती दाखवली. आरसा खाली केला. क्लच कडक होता. किल्ली फिरवली तसा तोच मऊ आवाज सुरू झाला. निजामाबादचे रस्ते रिकामे असायचे. इथे आरशात नुसती वाहनंच वाहनं होती, एकमेकांत घुसलेली, थांबायला तयार नसलेली. त्यांनी गाडी भिंतीपासून बाहेर काढली, क्लच लवकर सुटला, गाडीने गचका खाल्ला आणि ती रस्त्यात आडवी बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला.

"वाजू दे," नरहरराव म्हणाले. "परत लाव."

त्यांनी परत लावली. या वेळी गाडी सरळ झाली. एका बसवाल्याने खिडकीतून हात काढून काहीतरी म्हटलं आणि वाट दिली. शेजारी नरहररावांनी पट्टा लावला, हात मांडीवर ठेवले आणि समोरच्या रस्त्याकडे बघत विचारलं,

"आता कुठं जायचं?"

शेजारी बसलेलं कुणीही असंच विचारतं. शांताबाईंनी मान वळवून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही.

"घरी," त्या म्हणाल्या, आणि दुसरा गिअर टाकला.